धाब्यावरची माती

पुरातत्त्वाच्या माणसाला आयुष्यभर एकच प्रश्न विचारला जातो. लग्नाच्या पंगतीत, एसटीत, पोस्टाच्या रांगेत. एकदा तर दातांच्या डॉक्टरांनी माझ्या तोंडात चिमटा घालून विचारलं, "मग, सापडला का कुठे हंडा?" तीसेक वर्षं मी अमरावती-अकोल्याच्या भागात जुनी घरं, गढ्या, किल्ले आणि गाडीवाटा मोजत हिंडले. हंडा काही सापडला नाही. खापरं सापडली, गंजके खिळे सापडले, मूठभर सरकी सापडली. एवढं सांगितलं की समोरचा माणूस सहानुभूतीने मान हलवतो आणि पावसापाण्याचं बोलू लागतो.

त्या मूठभर सरकीवर माझी सगळी कारकीर्द उभी आहे, हे मात्र मी फारसं कुणाला सांगितलेलं नाही. कारण सरकी सापडण्याआधी मी एक मोठी चूक केली होती, आणि त्या चुकीपायी एका माळ्याच्या घरातलं ठरलेलं लग्न मोडता मोडता राहिलं. आता निवृत्त झाले आहे, पेन्शन सुरळीत येतं, तेव्हा सांगायला हरकत नाही.

मी मूळची अकोल्याकडच्या एका खेड्यातली. वडील शाळामास्तर. मी दहा वर्षांची असताना त्यांनी बिऱ्हाड पुण्याला हलवलं. नव्या शाळेत पहिल्याच दिवशी मी बाईंना "मले दिसून नाई राहिलं" म्हणाले आणि अख्खा वर्ग हसला. त्या दिवशी घरी येऊन मी जेवले नाही. वर्षभरात मी माझी वऱ्हाडी घासूनपुसून टाकली, इतकी की घरी आई बोलली तरी तिला सुधारायची. आईने ते कसं सहन केलं कोण जाणे. मुळात मी रागीट आणि मानी, त्यात पहिला नंबर येऊ लागला, मग काय विचारता.

पुढे पुरातत्त्व शिकले. माझे मार्गदर्शक सर फार कमी बोलत. विद्यार्थ्याला काय कळवायचं ते पोस्टकार्डावर चार ओळींत कळवत आणि त्या चार ओळी आठवडाभर पुरत. त्यांनीच मला परत वऱ्हाडात धाडलं. भातकुलीपासून अंजनगाव सुर्जीपर्यंत जुन्या वस्त्यांची टेकाडं शोधायची, खापरं गोळा करायची, नकाशे करायचे. मी अमरावतीत खोली घेतली आणि एसटीने, पायी, मिळेल त्या बैलगाडीने फिरू लागले. तेव्हा मी अठ्ठावीस वर्षांची होते. जूनमध्ये पुण्याला प्राध्यापकपदाची मुलाखत होती आणि त्याआधी काहीतरी ठसठशीत हाती लागावं म्हणून माझा जीव खालीवर होत होता.

आमच्याकडे गावाच्या वस्तीच्या जागेला पांढरी म्हणतात आणि शेतजमिनीला काळी. पांढरी खरोखरच पांढरट असते. शेकडो वर्षांची चुलीची राख, पडलेल्या भिंती, शेण, कचरा, सगळं एकात एक मुरून ती माती झालेली असते. जितकं गाव जुनं तितकी पांढरी उंच. भातकुलीजवळच्या एका गावात अशी उंच पांढरी होती आणि तिच्यावर एक मोडकी गढी. गढीच्या पायथ्याशी माळ्यांचे मळे होते. त्यातल्या एका मळ्यात वांगी, मेथी, कडेने झेंडू, आणि मागच्या अंगाला पुरुषभर उंचीचं एक मातीचं टेकाड. मी गेले तेव्हा त्या टेकाडात पाया खणायला नुकती सुरुवात झाली होती. खणलेल्या मातीत मला काळी-तांबडी खापरं दिसली. दोन हजार वर्षांपूर्वीची. माझे पाय तिथेच थबकले.

मळा एका पन्नाशीच्या नवराबायकोचा होता. तो फारसं बोलायचा नाही, दोघांचं मिळून ती बोलायची. भावाभावांच्या वाटणीत त्यांच्या वाट्याला मळा आणि हे टेकाड आलं होतं, आणि तेव्हापासून ते विहिरीजवळच्या टिनाच्या शेडात राहत होते. मोठ्या मुलाची सोयरीक तिवशाकडच्या एका मुलीशी जमली होती. पण मुलीच्या बापाने स्पष्ट सांगितलं होतं, टिनाच्या शेडात मी पोरगी देणार नाही, ज्येष्ठापर्यंत भिंती उभ्या दाखवा, नाहीतर दुसरं स्थळ आमच्या दारात उभं आहे. म्हणून विटा येऊन पडल्या होत्या आणि टेकाड सपाट करणं चाललं होतं. हे सगळं बाईने मला पहिल्याच दिवशी, चहा देता देता सांगितलं. मी ऐकलं आणि आठ दिवस काम थांबवाल का म्हणून विचारलं. सरकारी काम असेल असं समजून ते हो म्हणाले. मी तो गैरसमज दूर केला नाही.

मी तिथे खड्डा घेतला. आमच्या शास्त्राचा पहिला धडा असा की वरचं नवं, खालचं जुनं. माती थरावर थर साचते, म्हणून खाली जावं तसा काळ मागे जातो. माझ्या खड्ड्यात वर हातभर जाडीचा पांढरट मातीचा थर होता आणि तो त्या प्राचीन खापरांनी भरलेला होता. त्याखाली बारीक काटक्यांचे ठसे होते. आणि त्याखाली शेणाने सारवलेली, चोपून गुळगुळीत केलेली जमीन. दोन हजार वर्षांपूर्वीच्या खापरांच्या खाली जमीन, म्हणजे ती जमीन त्याहूनही जुनी. हिशेब सरळ होता. काटक्यांना मी चुलीचं सरपण ठरवलं. पण जमिनीवर चूल मात्र कुठे सापडेना, तेव्हा मी वहीत लिहिलं, "सामुदायिक अथवा धार्मिक उपयोगाची वास्तू असावी." आमच्या धंद्यात ज्याचा अर्थ लागत नाही ते धार्मिक असतं.

सर एक दिवस येऊन खड्डा बघून गेले. मान डोलावली. तेवढ्यावर मी हवेत तरंगत अमरावतीला आले आणि पुरातत्त्व खात्याच्या तिथल्या कार्यालयाला अहवाल पाठवला. पंधरा दिवसांत माळ्याच्या शेडाच्या दारावर नोटीस लागली: पुढील आदेशापर्यंत सदर जागी खोदकाम वा बांधकाम करू नये.

मला वाटलं होतं, आता मला मळ्यात कुणी उभं करणार नाही. तसं झालं असतं तर सोपं गेलं असतं. पण मी नकाशा पुरा करायला गेले की बाई मुकाट्याने चहा ठेवायची आणि निघताना पिशवीत वांगी टाकायची. खोलीवर आल्यावर ती वांगी मी घरमालकिणीला देऊन टाकत असे. विटांच्या ढिगाऱ्यावर वेल चढू लागला होता. तिवशाहून एकदा मुलीचा मामा येऊन, नोटीस वाचून, पाणी न पिताच परत गेला.

त्या दिवशी बाई प्रथमच माझ्यासमोर येऊन बसली. आवाज चढवला नाही. म्हणाली, "मॅडम, हे घर माया सासऱ्याच्या आज्यानं बांदलं. कापूस सोन्याच्या भावानं गेला ना, त्या सालात. माळ्यायनं बी वांगे उपटून कापूस पेरला होता तवा. सासरे लहान असताना ते पडलं, लाकडं काढून नेली, माती रायली. तुमी त्याले दोन हजार वर्साचं कावून करून राहिल्या?"

मी तिला लोकांच्या आठवणी आणि शास्त्रीय पुरावा यांतला फरक समजावून सांगितला. अस्सल पुणेरी मराठीत. आज आठवलं की कानशिलं तापतात. गंमत अशी की मी फिरले त्या प्रत्येक गावात लोक आपली पडकी भिंत पांडवांच्या काळात नेऊन ठेवत. आपलं घर नवं आहे असं सांगणारं सगळ्या वऱ्हाडात मला भेटलेलं हे एकच कुटुंब होतं. तिथेच मला शंका यायला हवी होती. पण नाकावर राग आणि डोक्यात मुलाखत असली की माणसाला दिसत नाही.

वैशाख संपत आला होता. एके सकाळी मी गढीच्या बाजूने मळ्याकडे उतरत होते. वाटेतल्या घरी धाब्याचं काम चाललं होतं. धाबं म्हणजे आमच्याकडचं मातीचं सपाट छप्पर. खाली लाकडं, त्यावर काटक्या अंथरायच्या, आणि त्यावर माती. काळी माती त्याला चालत नाही, ती उन्हात भेगाळते आणि पावसात गळते. लागते ती पांढरीची खारी माती, पाणी पिऊन गच्च बसणारी. म्हणून दरवर्षी पावसाआधी माणसं गढीची माती खणून आणतात आणि धाब्यावर नवा थर देतात. सगळं घर कामाला लागलं होतं. बाया टोपल्या भरून शिडीशी आणत होत्या, शिडीवरचा वर देत होता, वरचा पसरत होता. मला वाट देण्यासाठी एकजण बाजूला झाली, तिची टोपली कलली, आणि थोडी माती माझ्या पायाशी सांडली.

त्या मातीत एक खापर होतं. काळं-तांबडं.

मी ते उचललं. मग वर बघितलं. धाब्यावर माणूस हाताने माती पसरत होता आणि त्याच्या हाताखाली दोन हजार वर्षांपूर्वीची खापरं त्या घरावर चढत होती, जसं काही रोजचंच. आणि रोजचंच होतं ते. माझ्या डोक्यावर चुंबळीचा भार जाणवला. खरंच जाणवला. आठ वर्षांची मी, अकोल्याकडच्या आमच्या घरी, आई शिडीपाशी उभी, आणि मी गढीची माती छोट्या टोपलीतून आणून तिला देते आहे. मातीत खापर निघालं की ते बाजूला ठेवायचं, त्याचं भिंगरीचं चाक होतं. तीन उन्हाळे मी ते काम केलं होतं. काखेत कळसा नि गावाला वळसा म्हणतात, तो मी पार पुण्याला घालून आले होते.

मी मळ्यात पळतच गेले. खड्ड्यात उतरले आणि जे आधीच पाहिलं होतं ते परत पाहिलं. पांढरट मातीचा थर म्हणजे वर्षानुवर्षं चढवलेलं धाबं. त्याखालच्या काटक्या सरपणाच्या नव्हत्याच, त्या छपराच्या होत्या. लाकडं दिसली नव्हती, कारण बाईने सांगितलं तसं ती काढून नेली होती. घर पडलं तेव्हा छप्पर सपशेल खाली बसलं होतं, आणि गढीच्या पोटातली जुनी खापरं माळ्याच्या नव्या जमिनीवर पसरली होती. वरचं जुनं, खालचं नवं. जगाच्या पाठीवर ही चूक फक्त धाब्याच्या मुलखातच होऊ शकते, आणि ती करायला धाब्याच्याच घरात वाढलेली मुलगी लागली.

सारवलेली जमीन मी कोपऱ्यात फोडली, जे मी आधी, तिला फार प्राचीन समजून, केलं नव्हतं. खालच्या भरावात एक लोखंडी खिळा निघाला, आणि निळ्या फुलांच्या विलायती बशीचा नखाएवढा तुकडा. कोपऱ्यात, भिंतीच्या बुडाशी, मूठभर काळीठिक्कर सरकी. चूल नसण्याचं कारण माझ्यासमोर होतं. कापूस साठवायच्या खोलीत कुणी चूल मांडेल का? ज्याला मी धार्मिक वास्तू म्हणाले ती तेजीच्या वर्षातली माळ्याची कापसाची खोली होती.

खड्ड्याच्या काठावर बाई उभी होती. मी तिला म्हणाले, "तुमचंच खरं हाय. मी चुकली." किती वर्षांनी तोंडातून ती भाषा निघाली, माझं मलाच कळलं नाही. तिने पदराने डोळे टिपले आणि चहा ठेवायला गेली.

तो दिवस माझ्या आयुष्यातला सगळ्यात वाईट असायला हवा होता. प्रत्यक्षात एसटीत बसल्यावर मला इतकं हलकं वाटलं की मी बडनेऱ्यापर्यंत झोपून गेले आणि अमरावतीचा थांबा चुकला. गेले दोन महिने एक दगड छातीवर घेऊन मी फिरत होते आणि तो इतिहासाचा आहे असं स्वतःला सांगत होते.

सरांना पत्र लिहिताना मात्र तीन कागद फाडले. उत्तर नेहमीसारखं पोस्टकार्डावर आलं. चार ओळी: खड्डा पाहून मान मीही डोलावली होती, तेव्हा चूक दोघांची. अहवाल ताबडतोब मागे घ्या. चूक कशी झाली ते सविस्तर लिहा, तोच तुमचा निबंध. आणि माळ्याचं घर आधी. शेवटची ओळ वाचून मी खोलीत एकटीच मोठ्याने रडले.

अहवाल देणं सोपं असतं, परत घेणं अवघड. अमरावतीच्या कार्यालयात मी दोन दिवस खेपा घातल्या. साहेब दौऱ्यावर, साहेब मीटिंगमध्ये. तिसऱ्या दिवशी मी खुर्चीतून उठलेच नाही. माझा रागीट स्वभाव आयुष्यात एकदाच खऱ्या कामी आला असेल तर तो तेव्हा. साहेब शेवटी वैतागून म्हणाले की जागा जाहीर करा म्हणून भांडणारे पुष्कळ पाहिले, रद्द करा म्हणून धरणं धरणाऱ्या तुम्ही पहिल्याच. संध्याकाळी सही झाली. तो कागद मी टपालाने जाऊ दिला नाही, स्वतः घेऊन गेले.

पुण्याची नोकरी मला मिळाली नाही. मुलाखतीत मी सगळी हकिगत सांगितली. एका सदस्याने विचारलं की धाब्यावर गढीची माती घालतात याला आधार काय? मी म्हणाले, मी स्वतः वाहिली आहे. त्यांना छापील संदर्भ हवा होता, माझ्या डोक्यावरची टोपली नव्हे. दोन वर्षांनी अकोल्याच्या कॉलेजात जागा मिळाली आणि मी तिथेच राहिले. गाविलगडाच्या तटावर उन्हात भाजले, नरनाळ्याचे तलाव मोजले. पण जीव रमला तो तेजीच्या वर्षांतल्या घरांत. अमेरिकेतल्या लढाईने इथल्या कापसाला भाव आला, आगगाडी आली, आणि कुडाच्या झोपडीत राहणाऱ्या माणसांनी सागाच्या तुळया आणून घरं बांधली, गाडी आत जाईल असे दरवाजे केले, निळ्या फुलांच्या बश्या घेतल्या. तेजी ओसरली आणि घरं मागे राहिली. सहकारी चिडवत, हे कसलं पुरातत्त्व, हे तर म्हाताऱ्या बायाही सांगतील. मी म्हणत असे, सांगतात, मला एकीने सांगितलं होतं.

पण ते सगळं नंतरचं. कागद घेऊन मी मळ्यात गेले त्या दिवशी बाईचा मुलगा तो तसाच घेऊन सायकलवरून तिवशाला निघाला, सोयऱ्यांना दाखवायला. जेवायलाही थांबला नाही. त्याचा बाप, जो कधी बोलत नसे, तो मला म्हणाला की बसा, आणि स्वतः बाज आणून टाकली.

पायाचं काम दुसऱ्या दिवशी सुरू होणार होतं, म्हणून माझा खड्डा बुजवायला हवा होता. मीच फावडं घेतलं. आमच्या उत्खननवाल्यांत एक रीत आहे. खड्डा बुजवण्याआधी तळाशी त्या सालचं एक नाणं ठेवायचं. पुढे कधी कुणी तिथे खणलं तर त्याला कळावं की ही माती आधी हलवलेली आहे, इथे आपल्याआधी कुणी येऊन गेलंय. मी पर्समधून रुपया काढून तळाशी ठेवला. बाईने ते पाहिलं. तिला वाटलं मी पायासाठी म्हणून ठेवते आहे. ती घरात जाऊन हळदकुंकू आणि सुपारी घेऊन आली आणि खाली उतरून माझ्या रुपयाशेजारी मांडू लागली. मी तिला खरं कारण सांगितलं. पुढच्या कुण्या शिकलेल्या माणसाची माझ्यासारखी फसगत होऊ नये म्हणून हे नाणं आहे.

तिने मग पदराच्या गाठीतून स्वतःचा एक रुपया सोडला आणि माझ्या रुपयावर ठेवला.

"मंग दोन असू द्या," ती म्हणाली. "शिकलेले लोक लय हायेत."

मी खड्ड्यातच बसले आणि हसत सुटले, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. तीही हसली. मग आम्ही दोघींनी मिळून तो खड्डा बुजवला, आणि ज्येष्ठ संपायच्या आत त्याच्यावर भिंत उभी राहिली.